काट्यावरचं वजन आणि पोटातली चरबी

‘अंगावर मूठभर मांस नाही, मला कसला मेटाबॉलिक सिंड्रोम?’ हा प्रश्न इतक्या आत्मविश्वासाने विचारला जातो की, रक्ततपासणीचा विषयच तिथे मिटतो. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही; ती चरबी मांडीवर आहे की आतड्यांभोवती, हे तर नाहीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. दोन माणसांवरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. पण पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं त्याआधीच घेतली गेली होती. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. तेव्हा या चरबीचं सगळं खापर ऑफिसच्या खुर्चीवर फोडता येत नाही.

पोटातली चरबी फॅटी ॲसिड थेट यकृताकडे पाठवते. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल उतरतं, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यात साखर सामावून घेणारे स्नायूही तुटपुंजे. म्हणून मेटाबॉलिक सिंड्रोमच्या निदानाच्या पाच निकषांत वजन नाहीच. कंबर (भारतीय पुरुष ९० सेंटिमीटर, स्त्रिया ८०), ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५०च्या खाली, रक्तदाब १३०/८५, उपाशीपोटी साखर १००: यांतले तीन बिघडले की झालं. कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. पट्टा तर पोटाखाली घसरलेला असतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढून फसवणूक होते ती स्वतःचीच.

मग बीएमआय टाकाऊ? नाही. लोकसंख्येचा कल त्यातून दिसतो, आणि प्रत्येक सडपातळ माणूस आजारी असतो असंही नाही. एका माणसाला निर्धास्त करायला मात्र बीएमआय पुरत नाही.

राहिलेले किरकोळ समज: साखर नॉर्मल असली तरी उरलेल्या चारांपैकी तीन निकष पुरतात. ट्रायग्लिसराइड केवळ तुपाने वाढत नाहीत, साखर, मैदा आणि दारूनेही वाढतात. यकृतावर चरबी न पिणाऱ्यांच्याही चढते. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरत नाही, जाहिरातवाले काहीही म्हणोत.