तंबाखूच्या भट्टीत वाळलेली पुस्तके



पूर ओसरल्यावर मागे राहणारा चिखल कसा असतो, हे कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या सभासदाला आम्ही सांगायला नको. २००५ साली पाहिला, २०१९ च्या ऑगस्टात पुन्हा पाहिला. उसाच्या पोंग्यात गाळ बसला की पुढे काय होते ते आपण जाणताच. पुस्तकाचेही तसेच आहे. पाणी उतरते, पण गाळ आणि बुरशी त्याचा जीव घेतात.

ही हकीगत इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराची. दूरची खरी, पण तिच्यात शेतमालाच्या भट्ट्या आहेत आणि बॉयलरही आहे, म्हणून आपल्या वाचकांना सांगाविशी वाटली.

दि. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पहाटे आर्नो नदी शहरात शिरली. काही भागांत पाणी वीस फुटांवर चढले. थंडीसाठी तळघरांतल्या टाक्यांत भरून ठेवलेले तेलही पुरात मिसळले. म्हणजे गाळ तो तेलकट, काळा आणि नाक धरायला लावणारा! राष्ट्रीय ग्रंथालय तर नदीला अगदी लागून. त्याच्या तळघरांत व खालच्या दालनांत दहा लाखांहून अधिक पुस्तके, वर्तमानपत्रे आणि कागद बुडाले.

या ग्रंथालयाचे मूळही ऐकण्यासारखे आहे. अंतोनियो माल्याबेकी नावाचा एक गृहस्थ तरुणपणी सोनाराकडे काम शिकत होता. वाचनाच्या वेडापायी पुढे तो राजदरबारचा ग्रंथपाल झाला. १७१४ साली वारला तेव्हा आपली सुमारे ३०,००० पुस्तके गावाच्या उपयोगासाठी ठेवून गेला. वारसांनी वाटून घ्यावीत म्हणून नव्हे, बरे का! बुडालेल्यांत त्याचीही पुस्तके होती.

सरकारी मदत यायची तेव्हा आली. त्याआधी पोरे आली. कॉलेजातली मुले-मुली, गावातले लोक, मागाहून परदेशातलेही. तोंडाला मुखवटे बांधून ती तळघरापासून वरपर्यंत रांगेने उभी राहिली आणि विहिरीतल्या गाळाच्या पाट्या जशा हातोहात वर येतात तशी पुस्तके वर काढू लागली. ग्रंथपाल इमानुएले कासामासिमा सारे काम सांभाळीत होते. या पोरांना पुढे ‘चिखलातले देवदूत’ असे नाव पडले.

वर काढलेली पुस्तके वाळवायची कुठे, हा खरा पेच. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि पुस्तके तर डोंगराएवढी. तेव्हा ट्रक भरभरून ती खेड्यापाड्यांतल्या तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत गेली. रेल्वे स्टेशनच्या बॉयलर हाऊसमध्ये धुण्याची टेबले मांडली गेली. उसवलेल्या पुस्तकांची पाने तिथे धुऊन दोऱ्यांवर वाळत घातली.

मात्र आच कुठे कमी करायची हे गुऱ्हाळावरच्या गुळव्याला ठाऊक असते, तसे तिथे सगळ्यांना नव्हते. घाईच्या उष्णतेने कातडी बांधणी आकसली, वेडीवाकडी झाली. पाने धुणे, जोडणे आणि पुन्हा बांधणे हे काम पन्नास वर्षे उलटली तरी संपले नव्हते. आमच्या मते त्या भट्ट्यांना दोष देऊ नये. त्या नसत्या तर दुरुस्त करायलाही काही उरले नसते.

पुढे जाणकारांनी दुसरी वाट काढली, ती गोठवण्याची. दि. २९ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागली. तिथेही शेकडो माणसे धावली, पाण्याने भिजलेली पुस्तके खोक्यांत भरून अन्नपदार्थांच्या शीतगृहांत ठेवली. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी चढत नाही, मग सवडीने वाळवता येते. द्राक्षाचे कोल्ड स्टोरेज आता आपल्याकडेही आहे, पण ते शून्याखाली जाते का, ते पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे.

गावच्या वाचनालयात पाणी शिरलेच तर भिजलेली पुस्तके कडक उन्हात टाकू नका. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. ती सावलीत, वाऱ्यावर, पंख्याखाली उभी ठेवा, पानांत कोरा कागद घाला आणि तो दिवसातून चार वेळा तरी बदला. वर्तमानपत्राचा कागद घालाल तर छपाईची शाई उतरेल, तेवढे सांभाळा. वाचनालयाचे दप्तर आणि देणगीदारांची जुनी पुस्तके जूनच्या आधीच माळ्यावर चढवलेली बरी.