विंडोज सक्रियीकरण : आभासी यंत्रे आणि ड्युअल बूट संगणक

विंडोज सक्रियीकरण ही मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या संचालन प्रणालीची प्रत परवान्याच्या अटींनुसार वापरली जात आहे काय, हे पडताळण्याची तांत्रिक पद्धत होय. या पद्धतीत प्रॉडक्ट की अथवा डिजिटल परवाना आणि संगणकाच्या हार्डवेअरची ओळख यांची सांगड घालून तिची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर केली जाते. एका संगणकावर एकच संचालन प्रणाली असेल, या गृहीतकावर ही पद्धत उभी राहिली. आभासी यंत्र अर्थात व्हर्च्युअल मशीनमध्ये एकाच संगणकावर अनेक संगणक निर्माण केल्यासारखे होते, तर ड्युअल बूटमध्ये एकाच हार्डवेअरवर दोन प्रणाली आळीपाळीने चालतात. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी सक्रियीकरण आणि परवाना यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही.

पार्श्वभूमी

विंडोजच्या जुन्या आवृत्त्या बसवताना प्रॉडक्ट की विचारली जात असे. परंतु तीच की अन्य संगणकांवर वापरली गेली आहे काय, हे तपासण्याची सोय नव्हती. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज एक्सपीपासून सक्रियीकरण सक्तीचे झाले. प्रणाली बसवल्यापासून ३० दिवसांच्या आत इंटरनेटद्वारे अथवा दूरध्वनीवरून ते पूर्ण करावे लागे. मोठ्या संस्थांना दिल्या जाणाऱ्या घाऊक परवान्याच्या प्रतींना मात्र यातून सूट होती. अशी एक की बाहेर फुटून जगभर पसरली आणि ही सूट हीच पद्धतीची मोठी पळवाट ठरली. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून घाऊक परवान्यांनाही सक्रियीकरण लागू करण्यात आले.

हार्डवेअरची ओळख

प्रॉडक्ट की २५ अक्षरे व अंकांची असते. एक्सपीमध्ये या कीच्या जोडीला संगणकाच्या दहा वैशिष्ट्यांवरून एक संकेत तयार केला जाई. प्रोसेसर, मेमरीचे प्रमाण, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता इत्यादींचा त्यात समावेश होता. या सर्वांत नेटवर्क कार्डाला अधिक महत्त्व होते. ते तेच राहिले, तर इतर काही भाग बदलले तरी प्रणाली तो संगणक ओळखत असे; ठरावीक मर्यादेपलीकडे बदल झाल्यास मात्र पुन्हा सक्रियीकरण मागितले जाई.

२०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये डिजिटल परवाना ही संकल्पना रूढ झाली. संगणकाच्या हार्डवेअरची ओळख एकदा सर्व्हरवर नोंदली गेली की त्याच संगणकावर तीच आवृत्ती पुन्हा बसवताना की द्यावी लागत नाही. २०१६ च्या १६०७ या आवृत्तीपासून हा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला, त्यामुळे मदरबोर्ड बदलल्यानंतरही तो परत मिळवणे सुकर झाले.

परवान्याचे प्रकार

परवान्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. संगणकासोबत उत्पादकाकडून येणारा ओईएम परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो व सामान्यतः दुसरीकडे नेता येत नाही. विंडोज ८ पासून त्याची की बहुधा मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच साठवलेली असते. दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला किरकोळ परवाना, आधीच्या संगणकावरून प्रत काढून टाकल्यास, नव्या संगणकावर वापरता येतो. संस्थांसाठी घाऊक परवाने असतात.

आभासी यंत्रांवरील सक्रियीकरण

व्हीएमवेअर, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही यांसारख्या सॉफ्टवेअरमधील आभासी यंत्राला स्वतःचा मॅक पत्ता, स्वतःची डिस्क व स्वतःचे फर्मवेअर असते. म्हणून त्यात बसवलेल्या विंडोजच्या दृष्टीने ते यजमान संगणकाहून वेगळे यंत्र ठरते. यजमानाच्या फर्मवेअरमधील ओईएम की आतल्या अतिथी प्रणालीला सहसा दिसत नाही. यजमान संगणक सक्रिय असूनही अतिथी विंडोज निष्क्रिय राहते, ते यामुळेच. परवान्याची भूमिकाही अशीच आहे. विंडोज १० व ११ च्या किरकोळ व ओईएम परवान्यांनुसार एका परवान्यावर एकाच उपकरणात एकच प्रत बसवता येते, मग ते उपकरण भौतिक असो वा आभासी. यजमान व अतिथी अशा दोन्ही ठिकाणी विंडोज हवी असल्यास दोन परवाने लागतात.

ही भूमिका प्रारंभापासून सारखी नव्हती. व्हिस्टाच्या होम बेसिक व होम प्रीमियम या स्वस्त आवृत्त्या आभासी यंत्रात वापरण्यास परवान्यानेच मनाई केली होती. जानेवारी २००८ मध्ये ही मनाई उठवण्यात आली. उलटपक्षी, विंडोज ७ च्या प्रोफेशनल, एंटरप्राइझ व अल्टिमेट आवृत्त्यांसाठी कंपनीने ‘एक्सपी मोड’ या नावाने विंडोज एक्सपीची परवानायुक्त आणि आधीच सक्रिय असलेली आभासी प्रत विनामूल्य उपलब्ध करून दिली होती.

व्यवहारात अधिक अडचणी येतात त्या आभासी यंत्राची नक्कल करताना. अशा यंत्राच्या फायली दुसऱ्या संगणकावर नेल्या असता, यंत्र ‘हलवले’ की ‘नकलले’, असा प्रश्न व्हीएमवेअर विचारते. ‘नकलले’ असे उत्तर दिल्यास नवा ओळखक्रमांक व नवा मॅक पत्ता तयार होतो आणि विंडोज पुन्हा सक्रियीकरण मागू शकते. ‘हलवले’ म्हटल्यास जुनी ओळख टिकते. मात्र मूळ यंत्रही चालू ठेवून हे उत्तर दिले, तर एकाच ओळखीची दोन यंत्रे निर्माण होतात. ते परवान्याला धरून नसते, शिवाय एकाच नेटवर्कवर ती आल्यास मॅक पत्त्यांचा गोंधळही होतो. अनेक प्रती करावयाच्या असल्यास मूळ प्रतीवर ‘सिस्प्रेप’ हे साधन वापरून तिची विशिष्ट ओळख पुसली जाते. त्यानंतर प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे सक्रिय होते.

केवळ चाचणीसाठी आभासी यंत्र हवे असल्यास मूल्यमापन प्रती मिळतात. विंडोज एंटरप्राइझची अशी प्रत ९० दिवस, तर विंडोज सर्व्हरची १८० दिवस चालते.

ड्युअल बूट संगणक

एका संगणकाच्या डिस्कवर दोन प्रणाली बसवून सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करणे म्हणजे ड्युअल बूट. विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवल्यास सक्रियीकरणावर सहसा परिणाम होत नाही, कारण डिस्कचे विभाजन बदलले तरी हार्डवेअर तेच असते. उबुंटू, डेबियन यांसारख्या मुक्त लिनक्स वितरणांना सक्रियीकरणच नाही. अशा मांडणीनंतर कधीकधी विंडोज बिटलॉकरची पुनर्प्राप्ती की मागते. परंतु तो डिस्कवरील मजकुराच्या सुरक्षेचा भाग असून त्याचा परवान्याशी संबंध नाही.

दोन विंडोज शेजारी बसवल्यास स्थिती निराळी होते. दोन्ही प्रणालींना तेच हार्डवेअर दिसते. त्यामुळे आवृत्ती एकच असेल, तर डिजिटल परवान्याच्या आधारे दुसरी प्रतही बहुधा विनातक्रार सक्रिय होते. परवाना मात्र एकाच प्रतीचा असतो. म्हणजे आभासी यंत्रात परवान्याला धरून चालणाऱ्यालाही अडवणारी ही यंत्रणा येथे परवान्याबाहेरची प्रत मान्य करते. प्रत सक्रिय झाली म्हणजे ती परवान्यात बसते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

एकच प्रत, दोन ओळखी

मॅक संगणकांवर हे दोन्ही प्रकार एकत्र आले. ॲपलने २००६ मध्ये आणलेल्या ‘बूट कॅम्प’मुळे इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर विंडोज ड्युअल बूट करता येऊ लागली. पुढे पॅरलल्स डेस्कटॉप व व्हीएमवेअर फ्यूजन यांनी तेच विभाजन आभासी यंत्र म्हणून चालवण्याची सोय दिली. थेट सुरू केल्यास त्या विंडोजला खरा मॅक दिसे, आभासी यंत्रात सुरू केल्यास कल्पित हार्डवेअर दिसे. प्रत एकच असूनही संगणक बदलल्याचा समज होऊन दोन्हीकडे सक्रियीकरण मागितले जाई. २०२० मध्ये ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास प्रारंभ केल्यावर त्या संगणकांवर बूट कॅम्प उपलब्ध राहिले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा मॅकवर पॅरलल्सच्या आभासी यंत्रात विंडोज ११ ची आर्म आवृत्ती चालवण्यास अधिकृत मान्यता दिली.

संस्थांसाठीच्या पद्धती

शाळा, कार्यालये व डेटा सेंटर येथे प्रत्येक आभासी यंत्राची स्वतंत्र नोंद करणे जिकिरीचे असते. तेथे पुढील पद्धती वापरल्या जातात :

• मॅक : मल्टिपल ॲक्टिव्हेशन की. ठरावीक संख्येपर्यंत चालणारी ही सामाईक की असून प्रत्येक नव्या सक्रियीकरणाने शिल्लक संख्या घटते. तिचा नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्याशी संबंध नाही.

• केएमएस : संस्थेच्या अंतर्गत सर्व्हरवरून होणारे सक्रियीकरण. त्यासाठी किमान २५ संगणकांची, विंडोज सर्व्हरसाठी किमान ५ यंत्रांची विनंती यावी लागते. मिळालेले सक्रियीकरण १८० दिवस टिकते व वेळोवेळी त्याचे नूतनीकरण होते. विंडोज ७ पासून या मोजणीत आभासी यंत्रेही धरली जातात.

• एव्हीएमए : विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासूनची पद्धत. यजमानावर हायपर-व्ही आणि सक्रिय डेटासेंटर आवृत्ती असल्यास आतील सर्व्हर यजमानाकडूनच सक्रिय होतात. त्यांना इंटरनेटची गरज भासत नाही.

• वारसा सक्रियीकरण : विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, योग्य वर्गणी असलेल्या वापरकर्त्याच्या आभासी यंत्रास यजमान विंडोजची सक्रिय स्थिती प्राप्त होते.

शेवटच्या दोन पद्धतींत अतिथी यंत्राला परके न मानता यजमानाचे आश्रित मानले जाते.

कायदेशीर बाजू

भारतात संगणक प्रणालीला १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाखाली साहित्यकृती म्हणून संरक्षण आहे. कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. परंतु राखीव ठेवलेले आभासी यंत्र मूळ यंत्राच्या जोडीने कामास लावणे हा निराळा वापर ठरतो. प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडून काढणाऱ्यास, २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ अन्वये, दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

टीका

सक्रियीकरणाचा जाच नियम पाळणाऱ्यांनाच अधिक होतो, हा या पद्धतीवरील जुना आक्षेप आहे. ऑगस्ट २००७ मध्ये अस्सल प्रत पडताळणाऱ्या सर्व्हरमधील बिघाडामुळे हजारो वैध प्रती बनावट ठरवल्या गेल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रोच्या अनेक वापरकर्त्यांना, त्यांचा परवाना होम आवृत्तीचा असल्याचे चुकीचे संदेश आले. दोन्ही प्रसंगी दोष कंपनीच्या सर्व्हरमध्ये होता, वापरकर्त्यांच्या परवान्यात नव्हता.

निष्क्रिय प्रतीला मिळणारी वागणूक कालांतराने सौम्य झाली. मूळ व्हिस्टामध्ये मुदत संपल्यावर संगणकावर तासाभरापुरता केवळ ब्राउझर वापरता येई. विंडोज १० व ११ मध्ये पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसते आणि रंगसंगती, पार्श्वभूमी इत्यादी वैयक्तिक मांडणी बदलता येत नाही. बाकीची कामे बहुतांशी चालू राहतात. तथापि प्रणाली चालू राहिली म्हणून परवान्याची आवश्यकता संपत नाही. ड्युअल बूट वा आभासी यंत्राची मांडणी करताना प्रतींची संख्या आणि परवान्यांची संख्या जुळते काय, हे वापरकर्त्यालाच पाहावे लागते.