खेळ संपला, पण मन रमेना

कॉलेजात जाणारा मुलगा सुटीत तीन-चार आठवडे संगणकावर एक मोठा व्हिडिओ गेम खेळतो. एका रात्री खेळ संपतो. दुसऱ्या दिवसापासून तो गप्प राहू लागतो. जेवणात लक्ष नसते. नवा खेळ लावतो आणि पाच मिनिटांत बंद करतो. आईने विचारले तर 'काही नाही' एवढेच उत्तर मिळते. खरे कारण सांगायची त्याला लाज वाटते. त्या खेळातल्या माणसांची त्याला आठवण येत असते!

हे ऐकून वडीलधाऱ्यांना हसू येईल. पण वाचकहो, जरा मागे वळून पाहा. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' हातावेगळी केल्यावर कर्णासाठी हळहळला नाहीत, असे किती जण आहेत? आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा शेवट केला, तेव्हा इंग्लंडातले वाचक इतके नाराज झाले की ती नाराजी वर्षानुवर्षे टिकली. अखेर १९०३ मध्ये डॉयलना त्याला परत आणावे लागले. म्हणजे दुखणे जुनेच आहे, फक्त माध्यम नवे.

असे का होते?

रेडिओ व टीव्हीवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे एकतर्फी नाते जुळते, हे डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड व्होल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडले होते. समोरची व्यक्ती आपल्याला ओळखत नाही हे बुद्धीला कळते, पण रोजच्या सहवासाने मनात जवळीक तयार होते.

व्हिडिओ गेममध्ये ही जवळीक आणखी वाढते, कारण तेथे आपण नुसते बघत नाही, त्या पात्राचे हातपाय आपणच हलवतो. २०१८ साली आलेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' या प्रौढांसाठीच्या खेळाचे उदाहरण घ्या. कथा १८९९ मधल्या अमेरिकेची. नायक आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर. खेळणारा त्याला जेवू घालतो, त्याच्या घोड्याला खरारा करतो, टोळीतल्या सोबत्यांशी गप्पा मारतो. पुढे आर्थरला क्षय होतो. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. (आज नियमित व पूर्ण उपचारांनी क्षय बरा होतो, हे जाता जाता सांगायला हवे.) खोकणाऱ्या आर्थरला सांभाळत खेळणारा पुढे जातो आणि शेवटी त्याचा मृत्यू पाहतो. इतके तास सोबत काढल्यावर मन हलले नाही तरच नवल.

शिवाय खेळ संपला की तीन गोष्टी एकदम थांबतात : सोबत, रोजचा ठरलेला वेळ आणि 'उद्या पुढे काय' ही उत्सुकता. ही पोकळी जाणवणे स्वाभाविक आहे. हा आजार नव्हे. बहुधा काही दिवसांत मन आपोआप सावरते.

काय करावे?

१) मनातले बोलून टाकावे. तोच खेळ खेळलेला मित्र असेल तर उत्तमच. वहीत लिहिले तरी चालते.
२) लगेच दुसरा मोठा खेळ सुरू करण्याची घाई करू नये. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत.
३) खेळापायी बिघडलेली झोप आधी ताळ्यावर आणावी. सकाळ-संध्याकाळ चालणे, मैदानावर जाणे सुरू करावे.
४) पालकांनी थट्टा करू नये. 'त्यात तुला कोण आवडला?' असे विचारून पाहावे. कथा सांगता सांगता मुलगा मोकळा होतो. थट्टा झाली तर पुढचे मोठे दुःखही तो घरात सांगणार नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नको असे बोलणे आले तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

गेमचे व्यसन ही वेगळी बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे, नुकसान दिसूनही खेळत राहणे आणि हे साधारण बारा महिने चालणे, ही त्याची लक्षणे. नुसती एखाद्या पात्राची आठवण येणे यात बसत नाही.

मात्र एक प्रश्न घरच्यांनी स्वतःला जरूर विचारावा. त्या खेळातली माणसे हीच मुलाची एकमेव सोबत होती काय? तसे असेल तर खरे दुखणे खेळ संपण्याचे नसून एकटेपणाचे आहे. त्यावर औषध घरातच आहे. रात्रीचे जेवण टीव्ही बंद करून सर्वांनी एकत्र घ्या आणि त्याचे ऐकून घ्या.