एका नोंदीचे पाच रुपये

सकाळी 9.40
छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, एका बोळात डीटीपीचं दुकान आहे. शटर अर्धं वर गेलंय. आत दादा झाडू मारतोय. गिऱ्हाइकं त्याला दादाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, बाइंडिंगचा शिकंजा, खळीचा डबा. बाहेर फळांचे गाडे लागतायत. पगार महिन्याला बारा हजार. प्रबंधाची संदर्भसूची आली की हातानं टाकलेल्या दर नोंदीला पाच रुपये, त्यातले अडीच त्याचे, अडीच मालकाचे.

सकाळी 10.15
पहिले सर आले. संत साहित्यावर पीएच.डी. चारशे पानांचा प्रबंध पेनड्राइव्हवर, सगळा कृतिदेव फॉन्टमध्ये.
"सर, हे आधी युनिकोडमध्ये आणावं लागंल. नाहीतर सूचीत नुसती इंग्रजी अक्षरं दिसतेत."
कन्व्हर्टर लावला की मजकूर फिरतो, पण रफार जागा सोडतो. 'वर्ष'चं 'वषर्' होतं. हे मशीन सुधारत नाही. दादा डोळ्यांनी शोधतो, एकेक बदलतो. पानाला आठ रुपये. हे काम मालकाचं, त्यात दादाला वाटा नाही. तरी तो घाई करत नाही. लेखकाचंच नाव चुकलं तर नंतर शोधूनही सापडत नाही, म्हणतो.

सकाळी 11.50
एक मॅडम आल्या. सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, ते तास उरकून थेट इकडे. शेअर रिक्षाचे वीस रुपये. विषय मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर चळवळीतल्या स्त्रिया. प्रबंध त्याच विद्यापीठात, ज्याचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला झाला.
"दादा, मैत्रीण म्हणते मेंडेली घे. गाइड म्हणतात एंडनोट चांगलं. तुम्ही काय वापरायलात?"
दादा खुर्ची ओढून देतो. चहा सांगतो, दहा रुपयेवाला.
दोन्ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरं. एंडनोटला पैसे पडतात, आणि विद्यापीठानं घेतलेलं नसेल तर ते स्वतःच्या खिशातून. मेंडेली फुकट आहे. 2013 मध्ये ते एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशन कंपनीनं घेतलं. 2022 मध्ये त्याचं जुनं डेस्कटॉप रूप नव्यानं उतरवून घेणं बंद झालं. नवं रूप वर्डच्या जुन्या आवृत्तीशी जुळत नाही आणि लिबरऑफिसला तर जोडताच येत नाही. मॅडमच्या लॅपटॉपवर लिबरऑफिसच आहे. झोटेरो 2006 पासून आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं. फुकट, खुलं, आणि लिबरऑफिसमध्ये चालतं. फायली ऑनलाइन ठेवायला 300 एमबी मिळतात. पीडीएफचा ढीग असला की ते पुरत नाहीत. पण नुसत्या नोंदींना त्या जागेचं बंधन नाही.
"मग पीडीएफ?"
"पीडीएफ लॅपटॉपवर राहू द्या. आठवड्याला एकदा पेनड्राइव्हवर कॉपी मारा."
झोटेरो तिथंच उतरवून घेतलं. मला हा सल्ला रास्त वाटला. ज्या संशोधकाची फेलोशिप कधी येईल याचा नेम नसतो, त्यानं पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरवर पाच वर्षांचं काम टांगू नये.

दुपारी 1.30
डबा. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. झेरॉक्सला दोघे आले, आधार कार्ड. दोन-दोन रुपये.

दुपारी 2.00
आता खरं काम. मॅडमच्या एकशेचाळीस नोंदी. त्यातले साठेक इंग्रजी लेख. त्यांचा डीओआय क्रमांक टाकला की लेखक, अंक, वर्ष, पानं आपोआप भरतात. त्याचे पैसे दादा घेत नाही. उरलेली ऐंशी मराठी पुस्तकं. आयएसबीएन टाकून पाहतो, बहुतेकदा काही येत नाही. कितीतरी जुन्या पुस्तकांवर तो क्रमांकच नाही. मग हातानं. आडनाव एका रकान्यात, नाव दुसऱ्या. पुढं शीर्षक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, साल.
दोन रकान्यांतच गोची आहे. सकाळच्या सरांच्या फायलीत 'तुकाराम महाराज' दोन रकान्यांत विभागले गेले होते, सूचीत छापून आलं 'महाराज, तुकाराम'. मॅडमच्या सूचीत 'शासन, महाराष्ट्र'. रकान्याशेजारी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की दोन्हींचा एक रकाना होतो. दादा दाखवतो, मग माउस मॅडमच्या हातात देतो. पुढच्या चार नोंदी त्यांनीच सुधारल्या.
मग बाबासाहेब आंबेडकर. एका नोंदीत 'बाबासाहेब', दुसरीत 'भी. रा.', तिसरीत 'भीमराव रामजी'. झोटेरोला ही तीन माणसं वाटतात. आडनाव सारखं म्हणून ते मजकुरात आद्याक्षरं जोडून वेगळी दाखवायला जातं. तिन्ही ठिकाणी एकच नाव करावं लागतं. शासनानं 1979 पासून काढलेल्या लेखन-भाषणांच्या खंडांना खंड क्रमांक टाकायचा, आणि अठराव्याचे तीन भाग आहेत म्हणून भागही.
"मॅडम, ह्याचा पान नंबर कुठंय?"
"लिहून घ्यायचा राहिला."
अशी चाळीस अवतरणं निघाली. अवतरणाचा पान नंबर कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही. मॅडमना विद्यापीठाच्या ग्रंथालयात परत जावं लागेल, ती पुस्तकं पुन्हा काढावी लागतील.

दुपारी 4.30
गाइडचा फोन. संदर्भांची शैली एमएलए नको, एपीए करा, सातवी आवृत्ती. मॅडमचा चेहरा उतरला. दादानं प्राधान्यांची खिडकी उघडली, एपीए निवडलं, ओके दाबलं. मजकुरातले कंस बदलले. सूचीत साल लेखकाच्या मागोमाग आलं. मिनिटभर लागलं. पूर्वी हेच दोन दिवसांचं टायपिंग होतं, दीड हजार रुपयांचं, अर्धे दादाचे. आता दोनशे घेतात. उद्यापासून मॅडम हे घरीही करू शकतील.
"मग तुमचं?"
"माझं हायच की. मराठी नोंदी कोण टाकणार?"

सायंकाळी 6.15
गाइडना मराठी आणि इंग्रजी ग्रंथ वेगवेगळे हवेत. झोटेरो एकच सूची काढतं, आधी इंग्रजी, मग देवनागरी. म्हणून हे काम शेवटी. मूळ फाइल जपून बाजूला ठेवायची, प्रतीत सूचीचा दुवा तोडायचा आणि मथळे हातानं घालायचे. दुवा तोडल्यावर सूची आपोआप सुधारत नाही, हे दादा दोनदा बजावतो. आज फक्त नमुना काढला. पान नंबर आल्याशिवाय मूळ फाइलला हात लावायचा नाही.
साम्य तपासणीचीही धास्ती आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. सूचीतली पुस्तकं कमी करावीत की काय, या विचारात होत्या. एकही काढू नका, दादा म्हणाला.

रात्री 8.10
हिशेब. ऐंशी नोंदींचे चारशे, शैलीबदलाचे दोनशे, नमुना प्रिंट तीस पानं साठ रुपये. सहाशे साठ. मॅडमनी फोनवरून दिले. दादाच्या वाट्याला नोंदींचे दोनशे आणि शैलीचे शंभर. सकाळच्या सरांची अडीचशे पानं अजून बाकी, ती उद्या.

संशोधकांना दादाचा निरोप आहे, आणि तो मलाही पटतो. झोटेरो नोंदणीच्या वर्षीच घ्या, प्रबंध जमा करायच्या महिन्यात नको. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो आणू नका. आवृत्ती, साल आणि प्रकाशक छापलेल्या आतल्या पानाचा आणा. आणि अवतरण उतरवून घ्याल तेव्हाच पान नंबर लिहा.