निम्रचे नळवन

ओमानच्या दक्षिणेकडील वाळवंटात, मस्कतपासून सुमारे सहाशे किलोमीटरांवर, निम्र नावाचे तेलक्षेत्र आहे. तेथे एक पिंप तेल वर यावे तर त्यासोबत दहाएक पिंपे पाणी येते, आणि तेही खारे व तेलकट, म्हणजे ना पिण्याच्या कामाचे, ना पिकाच्या. हे पाणी प्रचंड दाबाने पुन्हा खोल भूगर्भात दडपण्याचा शिरस्ता होता. परंतु त्यासाठी अहोरात्र चालणाऱ्या पंपांचा खर्च भारी पडे. सबब ‘पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान’ने बाउअर या जर्मन कंपनीस मक्ता देऊन, २०१० च्या सुमारास, दररोज ४५,००० घनमीटर पाणी शुद्ध करणारी कृत्रिम पाणथळ भूमी उभारविली, पुढे विस्तार होऊन ही क्षमता लाखाच्या वर गेली.

आरंभी यंत्रांच्या साहाय्याने शक्य तेवढे तेल काढून घेतात, आणि मग उरलेले पाणी, उतरत्या पायऱ्यांनी रचलेल्या नळाच्या विस्तीर्ण वाफ्यांत सोडतात, जेथून ते केवळ उताराच्या बळावर पुढे सरकते. हा नळ म्हणजे आपल्या ओढ्याकाठी माजणाऱ्या नळाचाच भाऊबंद. त्याच्या पोकळ दांड्यातून हवा खाली उतरते, मुळांच्या टोकांशी प्राणवायू किंचित पाझरतो, आणि चिखलातील त्या केसाएवढ्या पट्ट्यात असंख्य जिवाणू तेलातील कर्बयुक्त द्रव्यांवर आपला चरितार्थ चालवितात. लौकिक नळाचा होत असला तरी खरी मेहनत या अदृश्य मजुरांची असते. अखेरीस पाण्यातील तेल लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली येते, आणि मरुभूमीवरून प्रवास करणारे नानाविध पक्षी तेथे उतरतात.

ही विद्या अगदी कालची नव्हे. जर्मनीतील प्लोन येथे केटे झायडेल या विदुषीने १९५० च्या दशकातच पाणवनस्पतींकडून फिनॉलसारखी विषारी द्रव्ये पाण्यातून दूर करविण्याचे प्रयोग आरंभिले होते.

तथापि जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निम्रच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सात ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने ४५,००० घनमीटरांमागे रोज तीनशे टनांवर क्षार येतात, आणि ते जिवाणूंना पचत नाहीत. म्हणून शेवटी बाष्पीभवनाच्या तलावांची तजवीज करावी लागली. जड धातूंचेही तेच: ते नष्ट होत नाहीत, चिखलात व मुळांत साठून राहतात. शिवाय शेकडो हेक्टर मोकळी जमीन वाळवंटात मुबलक असली, तरी चौरस मीटरच्या भावाने भूखंड विकल्या जाणाऱ्या आपल्या औद्योगिक वसाहतींत ती कोठून आणावी? तेथे नळाचे वाफे प्राथमिक शुद्धीकरणानंतरचा एक पूरक टप्पा म्हणूनच शोभतील.

यास्तव एखादा कारखाना अशी योजना मांडील, तेव्हा तिच्या हिरवाईवर भुलून न जाता नागरिकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: जमीन किती राखून ठेवली आहे, आणि जे कुजत नाही त्याचा बंदोबस्त कोण करणार?