ट्रॅक्टरचा सायलेन्सर गंजतो कशाने व टिकवावा कसा?



गळीत हंगाम चालू असताना आपण ट्रॅक्टरचे ऑइल बघतो, टायरची हवा बघतो, ट्रॉलीचा हुक बघतो. सायलेन्सरकडे मात्र आवाज फुटेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही, आणि आवाज फुटतो तो नेमका ऐन हंगामात. ट्रॅक्टर दुरुस्तीला लागला की तोडलेला ऊस फडात पडून राहतो. त्याचे वजन घटते, साखर उतरते. नुकसान सभासदाचे आणि कारखान्याचे, दोघांचेही. त्याहून मोठा धोका ठिणगीचा. सायलेन्सरला भोक पडले म्हणजे गरम धूर आणि पेटलेल्या काजळीच्या ठिणग्या वर न जाता आडव्या निघतात. आजूबाजूला वाळलेले पाचट. पुढे काय होते ते ऊसकऱ्याला सांगायला नको.

हे टाळण्यासाठी उन्हाळ्यात थोडी सवड काढून करण्यासारखे एक काम आहे. त्याची माहिती येथे देत आहोत.

गंज का चढतो?

गंज चढायला लोखंड, हवा आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. घरातला तवा बघा. रोज चुलीवर चढतो तोवर त्याला काही होत नाही. धुऊन तसाच ओला ठेवला, की चार दिवसांत तांबूस होतो. सायलेन्सरचेही तसेच. कामावर असतो तेव्हा उष्णतेने कोरडा राहतो. पावसाळ्यात उभा राहिला की कुजतो. इंजिनाच्या अंगाला बसवलेला बिडाचा मॅनिफोल्ड, ज्यात सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र येतो, तो जाड असल्यामुळे पुष्कळ वर्षे तग धरतो. सायलेन्सरचा पत्रा पातळ. तो आधी जातो.

खतानेही गंजाला जोर चढतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे एक प्रकारचे मीठच आहे. त्याची धूळ पत्र्यावर बसली आणि वर दमट हवा लागली, की गंज झपाट्याने वाढतो. म्हणून खत वाहून झाल्यावर ट्रॅक्टर धुवावा. पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी पडले तर बीड तडकते.

आतल्या पाण्याची गोष्ट वेगळी. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, आणि ते वाफ होऊन धुराबरोबर जाते. इंजिन चांगले तापलेले असेल तर ही वाफ बाहेर पडते. ट्रॅक्टर दोन मिनिटे चालवून बंद केला, तर तीच वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. म्हणजे बाहेरून रंग कितीही दिला तरी आतली कूज थांबत नाही. दोन्ही बाजूंनी काळजी घेतली तरच उपयोग.

साधा ऑइलपेंट का चालत नाही?

ओझ्यावर चाललेल्या इंजिनाचा धूर मॅनिफोल्डमध्ये ४०० ते ५०० अंश सेल्सिअस, कधी त्याहूनही अधिक तापलेला असतो. साधा ऑइलपेंट याच्या निम्म्या उष्णतेलाही टिकत नाही. काळा पडतो आणि पापुद्रे सुटतात. खाली रेड ऑक्साइडचा हात दिला तर तोही जळतो आणि वरचा रंग घेऊन उतरतो. जस्ताचा मुलामाही येथे कामाचा नाही, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते.

येथे लागतो तो उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग. पोलादी चिमण्यांना देतात त्याच जातीचा. त्यात सिलिकोन नावाचे राळेसारखे द्रव्य असते. ते एवढ्या तापाने जळून जात नाही. ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या त्यात घराच्या कौलांसारख्या एकीवर एक बसतात आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचू देत नाहीत. दुकानात २०० अंशांचे डबे मिळतात, तसे ६०० अंशांचेही. डब्यावरचा आकडा वाचून ६०० अंशांचाच घ्यावा. एका ट्रॅक्टरला अर्धा लिटर पुष्कळ होतो.

काम कसे करावे?

१) इंजिन थंड असताना सायलेन्सर पान्याने सगळीकडे ठोकून बघावा. पत्रा दबला किंवा आवाज बद्द आला तर तो बदलावा. रंगाने कुजलेला पत्रा जोडत नाही.

२) तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडून लोखंड उजळ करावे. नाकाला फडके बांधावे. मग थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसून घ्यावे आणि त्यावर तेलकट हात लावू नये. थिनरजवळ विडी-काडी नको.

३) त्याच दिवशी रंग द्यावा. उघडे लोखंड रात्रभर ठेवले तर दवाने पुन्हा गंज धरते. ॲल्युमिनियम तळाशी बसते, म्हणून डबा चांगला ढवळावा. दोन पातळ हात द्यावेत. मध्ये डब्यावर सांगितले असेल तेवढा वेळ सोडावा. "जाड दिला म्हणजे जास्त टिकेल" हा समज चुकीचा. जाड थरात थिनर अडकतो आणि तापल्यावर फोड येतात.

४) रंग वाळला म्हणजे काम झाले असे नाही, हा रंग भाजावा लागतो. सुमारे २०० अंश ताप मिळाल्याशिवाय तो पक्का होत नाही, नखानेही निघतो. पण एकदम नांगराला जुंपू नये. पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवून इंजिन थंड होऊ द्यावे. दुसऱ्यांदा थोडा जास्त वेळ चालवावे. तिसऱ्यांदा हलके काम द्यावे. या वेळी थोडा धूर आणि वास येतो, म्हणून हे उघड्यावर करावे, शेडात नव्हे.

रंगवताना वायरी, रबरी नळ्या आणि सायलेन्सरच्या पोटाला पाणी निथळण्यासाठी भोक असेल तर ते, एवढे मोकळे सोडावे. २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नियम कडक झाले आहेत. अशा ट्रॅक्टरांच्या धुराच्या नळीवर धूर शुद्ध करणारी टाकी आणि सेन्सर असतात. त्यांना हात लावण्याआधी डीलरच्या मेकॅनिकला विचारावे.

आतल्या पाण्याचा बंदोबस्त

पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करताना धुराड्याच्या तोंडावर रिकामा डबा पालथा घालावा. चालू करण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. मधूनमधून इंजिन चालवायचे तर पूर्ण तापेपर्यंत चालवावे. नुसते चालू-बंद करणे हे न चालवण्यापेक्षा वाईट. ज्या सभासदांकडे जीप किंवा मोटार आहे, त्यांच्या गाडीलाही हीच गोष्ट लागू. घर ते गावातली पेठ एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर कुजतो तो यामुळेच.

सारांश, रंगापेक्षा खरवडणे महत्त्वाचे, आणि रंग देण्यापेक्षा तो भाजणे महत्त्वाचे. हे काम दसऱ्यानंतर घाईगर्दीत नीट होत नाही. तोवर पावसाळ्याने आपले काम केलेले असते. कारखाना जशी बंद काळात आपल्या यंत्रांची डागडुजी करून घेतो, तशी आपणही उन्हाचा ताव असेपर्यंत, मृग लागण्यापूर्वी, आपल्या ट्रॅक्टरची करून घ्यावी. पुढच्या हंगामात पहिली खेप निघेल तेव्हा आवाज एकसारखा असावा आणि फडात ठिणगी पडू नये, एवढ्यासाठी ही विनंती.