संगणक म्हणतो म्हणून माणूस चोर ठरतो का?



पावसाळा आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात घरोघरी एकच चौकशी असते, "बारवी भरलं का?" पाण्याची पातळी 72.60 मीटरला पोहोचली की धरण भरतं आणि स्वयंचलित दरवाजे उघडतात. आता कल्पना करा, धरण काठोकाठ भरलंय, पण संगणकाच्या पडद्यावर मात्र पाणी निम्मंच दिसतंय. मग "पाणी चोरीला गेलं" म्हणून आपण तिथल्या पहारेकऱ्याला पकडू का? नाही. आधी धरणावर जाऊ आणि मोजपट्टी बघू. हे लहान मुलालाही कळतं. पण ब्रिटनमध्ये जवळजवळ पंधरा वर्षं मोजपट्टी बघायला कुणी गेलंच नाही. त्याचीच ही गोष्ट.

काय घडलं?

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्टं तिथले दुकानदार कराराने चालवतात. त्यांना उपपोस्टमास्तर म्हणतात. 1999 पासून त्यांच्याकडे हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. ती फुजित्सु कंपनीची होती. थोड्याच दिवसांत अनेकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. पेटीतले पैसे बरोबर, पण पडद्यावरचा आकडा जास्त! करारानुसार तूट उपपोस्टमास्तरनेच भरायची. कुणी घर गहाण टाकलं, कुणी नातेवाइकांकडून उसने घेतले. मदतीसाठी फोन केला की अनेकांना उत्तर मिळायचं, "असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय."

तिथे पोस्ट खात्याला स्वतः खटला भरता येत होता. म्हणजे तक्रार करणारा तोच, तपास करणारा तोच आणि कोर्टात खेचणाराही तोच. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले.

त्यातल्या एक सीमा मिश्रा, भारतीय वंशाच्या. सुमारे 74 हजार पौंड चोरल्याचा आरोप त्यांच्यावर होता. नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांना 15 महिन्यांची कैद झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्याच दिवशी मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

यंत्र चुकतं कसं?

एक साधं गणित करू. 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन पोस्टात 8,000 पौंडांची रोकड नोंदवायची होती. पडदा अडकला, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. यंत्राने तीच नोंद चार वेळा घेतली.

8,000 × 4 = 32,000
32,000 − 8,000 = 24,000

म्हणजे 24,000 पौंडांची तूट, आणि चोर कुणीच नाही! अशा आणखीही चुका प्रणालीत होत्या. शिवाय फुजित्सुचे कर्मचारी दुरून पोस्टाच्या हिशेबात बदल करू शकत होते. ही गोष्ट बरीच वर्षं नाकारली गेली.

मग कोर्टाला कळलं कसं नाही?

तिथल्या 1984 च्या कायद्यात अट होती, की संगणकाचा पुरावा द्यायचा तर यंत्र नीट चालत होतं हे आधी दाखवा. 1999 च्या कायद्याने ती अट काढली. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असं धरून चाललं जाऊ लागलं. चुकीचा असेल तर आरोपीने दाखवायचं. पण यंत्राची आतली कागदपत्रं ज्याच्या हातातच नाहीत, त्याने दाखवायचं तरी कसं?

सत्य बाहेर कसं आलं?

- अ‍ॅलन बेट्स या माजी उपपोस्टमास्तरांनी 2009 मध्ये पीडितांना एकत्र केलं. "फक्त तुम्हालाच" हे खोटं तिथेच उघडं पडलं.
- 555 जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर 2019 मध्ये कोर्टाने प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला.
- 23 एप्रिल 2021 रोजी सीमा मिश्रांसह 39 जणांची शिक्षा रद्द झाली.
- मे 2024 मध्ये संसदेने खास कायदा करून आणखी शेकडो जणांना दोषमुक्त केलं.

सार्वजनिक चौकशी म्हणजे काय?

सर विन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीला 2021 मध्ये कायद्याचे पूर्ण अधिकार मिळाले. साक्षीदारांना बोलावणं, शपथेवर प्रश्न विचारणं, कागदपत्रं मागवणं, आणि हे सगळं लोकांसमोर. मात्र चौकशी कुणाला शिक्षा देत नाही. काय झालं आणि का झालं, ते ती शोधते. आपल्याकडे 1952 च्या कायद्यानुसार नेमलेले चौकशी आयोग साधारण असंच काम करतात. जुलै 2025 मध्ये या चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड आला. या प्रकरणामुळे किमान 13 जणांनी आपलं जीवन संपवलं असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. गेलेला माणूस कुठल्याही निकालाने परत येत नाही.

आपल्याकडे काय?

भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 63 नुसार संगणकाच्या पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी, जुन्या कायद्याखाली, हेच स्पष्ट केलं, की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. अट चांगलीच आहे. पण सही करणाऱ्याने खरंच मोजपट्टी बघितली का, हा प्रश्न उरतोच.

एकदा माझ्या वर्गातली एक मुलगी ऑनलाइन यादीत दुसऱ्याच शाळेत दिसत होती, आणि ती तर माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलेली! हजेरीची वही होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी मुलांना सांगते, पावती जपा, वहीत नोंद ठेवा, आणि आकडा पटला नाही तर शेजाऱ्यालाही विचारा.

संगणक वाईट नाही, तो उपयोगाचाच आहे. पण माणसाची अब्रू पडद्यावरच्या एका आकड्यावर ठरवू नये.

विचार करा आणि लिहा

1. तक्रारदारानेच तपास केला तर काय धोका असतो?
2. 5,000 रुपयांची जमा चुकून तीन वेळा नोंदली, तर तूट किती दिसेल?
3. घरी आलेलं एखादं बिल चुकीचं वाटलं तर तुम्ही कोणती 'मोजपट्टी' बघाल?